लहान जातींच्या पिल्लांची पारख

जयपूर शहरात मोती डुंगरीच्या परिसरात तिलक नगर नावाची वस्ती आहे. बिर्ला मंदिराची पांढरीशुभ्र वास्तू येथून जवळच दिसते. अशा शहरी वस्तीत राहणाऱ्या एखाद्या कुटुंबास कुत्रे पाळण्याची इच्छा झाली, म्हणजे त्याचे लक्ष साहजिकच लहान जातींकडे वळते. घरातील खोल्या मोजक्या, अंगण असलेच तर बेताचे, आणि माणसे दिवसाचा बराच वेळ शाळेत किंवा कामावर. तेव्हा मांडीवर मावेल असे कुत्रे सर्वांना सोयीचे वाटते. पामेरियन, पग, शिह त्झू, माल्टीज, चिवावा या जाती त्यामुळेच शहरांतून लोकप्रिय झाल्या आहेत. इंग्रजीत यांना 'टॉय' म्हणजे खेळण्यासारख्या जाती म्हणतात. हे नाव प्रचलित असले तरी ते फारसे सुखाचे नाही. कारण खेळणे मोडले तर दुसरे आणता येते.

पिल्लू घेण्याचा प्रसंग बहुधा असा असतो. विक्रेत्याच्या घरी पुढील खोलीत एका टोपलीत चार-पाच पिल्ले ठेवलेली असतात. दोन-तीन पिल्ले एकमेकांचे कान ओढीत असतात, एखादे टोपलीच्या काठावर चढू पाहते, आणि सर्वांत लहान असे एक पिल्लू कोपऱ्यात निमूट बसलेले असते. मुले त्यालाच उचलून घेतात. ते हातावर डोके टेकून डोळे मिटते. "किती गरीब आहे हे!" असे उद्गार निघतात आणि सौदा ठरतो. पाच-सहा दिवसांनी तेच पिल्लू ओकाऱ्या आणि रक्तमिश्रित जुलाब यांनी आजारी पडून पशुवैद्याकडे न्यावे लागते. ज्याला स्वभावाचा गोडवा समजले गेले, ती पुष्कळदा अशक्तपणाची वा ज्वराची पहिली खूण असते. आठ आठवड्यांचे निरोगी पिल्लू झोपेत नसेल, तर ते निमूट बसत नाही.

ही चूक का घडते आणि ती कशी टाळता येईल, हे समजण्यासाठी प्रथम लहान आकाराचा शरीरावर काय परिणाम होतो ते पाहिले पाहिजे.

लहान आकाराचे गणित

चार सेंटिमीटर बाजूचा एक घन घ्यावा आणि एक सेंटिमीटर बाजूचा दुसरा. पहिल्याचे घनफळ ६४ घन सेंटिमीटर व पृष्ठफळ ९६ चौरस सेंटिमीटर भरेल; दुसऱ्याचे घनफळ १ आणि पृष्ठफळ ६. म्हणजे मोठ्या घनात दर घन सेंटिमीटरामागे दीड चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग येतो, तर लहान घनात तो सहा येतो, चौपट. प्राण्याच्या शरीरात उष्णता निर्माण होते ती त्याच्या मांसात आणि आतड्या-यकृतात, व बाहेर जाते ती त्वचेवाटे. म्हणून शरीर जितके लहान, तितकी ऊब टिकवून धरणे त्यास कठीण, आणि ती टिकविण्यासाठी त्यास प्रमाणाने अधिक इंधन जाळावे लागते. ३० किलो वजनाच्या प्रौढ कुत्र्यास नुसते पडून राहण्यासाठी दिवसाकाठी दर किलो वजनास सुमारे ३० किलोकॅलरी पुरतात. १ किलो वजनाच्या कुत्र्यास त्याच स्थितीत दर किलोस सुमारे ७० लागतात. वाढत्या पिल्लाची गरज याहूनही कितीतरी अधिक असते.

आता या इंधनाचा साठा कोठे असतो? यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन नावाच्या पिष्टमय पदार्थाच्या रूपाने, आणि त्वचेखालील चरबीत. अर्धा-पाऊण किलो वजनाच्या पिल्लाचे यकृत इवलेसे, स्नायू कोवळे आणि चरबी जवळजवळ नाही. उलट त्याचा मेंदू शरीराच्या मानाने मोठा असतो, आणि मेंदूस साखरेचा पुरवठा अखंड लागतो. एखादे जेवण चुकले, थंडी लागली, जंतांनी अन्न खाल्ले किंवा नव्या घराच्या भीतीने पिल्लाने तोंड लावले नाही, की काही तासांतच रक्तातील साखर उतरते. पिल्लू लटपटू लागते, मान टाकते, कधी त्यास झटके येतात. लहान जातींच्या पिल्लांचे नव्या घरातील पहिल्या दिवसांत जे अकस्मात मृत्यू होतात, त्यांतील कित्येकांच्या मुळाशी हेच कारण असते.

हा लहान आकार मुळात आला कोठून? इ. स. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसून आले, की शरीराच्या वाढीस चालना देणाऱ्या एका प्रथिनाच्या जनुकाशी लहान आकाराचा निकटचा संबंध आहे आणि त्याचे एक विशिष्ट रूप जवळजवळ सर्व लहान जातींत आढळते. पुढे २०२२ मध्ये लहान आकाराशी जोडलेला बदल सैबेरियातील सुमारे ५४,००० वर्षांपूर्वीच्या एका लांडग्याच्या अवशेषांतही सापडला. म्हणजे लहानपणाचे बीज माणसाने निर्माण केले नाही. ते निसर्गात होतेच. माणसाने ते निवडून निवडून वाढविले. या निवडीचा वेग किती असू शकतो याचे पामेरियन हे बोलके उदाहरण आहे. राणी व्हिक्टोरियाने १८८८ मध्ये इटलीतील फ्लॉरेन्स येथे या जातीचा मार्को नावाचा कुत्रा घेतला. तो त्या काळी लहान समजला गेला, तरी त्याचे वजन साडेपाच किलोच्या आसपास होते. आज या जातीचे मान्य वजन दीड ते सव्वातीन किलोच्या दरम्यान आहे.

येथे नावांविषयी एक खुलासा आवश्यक आहे. भारतात पामेरियन म्हणून जी पांढरी, टोकदार नाकाची कुत्री घरोघर पाळली गेली, त्यांतील बहुसंख्य 'इंडियन स्पिट्झ' या निराळ्या व मोठ्या जातीची होती. १९९४ मधील 'हम आपके हैं कौन' या चित्रपटातील टफी याच जातीचा. ही जात येथील हवेस सरावलेली असल्याने पामेरियन मागून स्पिट्झ पदरी पडला, तर खरेदीदाराने ते आपले भाग्यच समजावे, अर्थात किंमत पामेरियनची मोजलेली नसेल तर! अलीकडे 'टीकप' म्हणजे चहाच्या पेल्यात मावणारी पिल्ले, असे नाव जाहिरातींत वाचावयास मिळते. अशी कोणतीही मान्य जात नाही. नेहमीच्याच जातीतील सर्वांत खुरटलेल्या पिल्लांचा आपसांत संकर करून, कधी पिल्लांची उपासमार करून, किंवा सहा आठवड्यांचे पिल्लू दहा आठवड्यांचे आहे असे सांगून ही 'टीकप' तयार होतात. तीन किलो हे लहान कुत्र्याचे वजन आहे. एक किलोचे प्रौढ कुत्रे हे बहुधा रुग्ण असते.

आधी आई, मग पिल्लू

पिल्लू कसे निवडावे असे विचारले असता पशुवैद्य उलट प्रश्न करतात, "त्याची आई पाहिली का?" या प्रश्नात पारखीचे निम्मे शास्त्र सामावले आहे. आठ आठवड्यांच्या पिल्लाचे अवयव अजून घडत असतात. त्याच्या गुडघ्याची वाटी पुढे सरकेल की नाही, त्याची श्वासनलिका चपटी होईल काय, त्याच्या हृदयाच्या झडपा किती वर्षे नीट मिटतील, हे त्या वयात फारसे सांगता येत नाही. परंतु तीन-चार वर्षांच्या आईत या गोष्टी प्रकट झालेल्या असतात. पिल्लू हे वचन आहे. आई हा पुरावा आहे.

म्हणून पैदासकाराच्या घरी गेल्यावर आई समोर आणण्यास सांगावे, आणि ती पिल्लांजवळ जाऊ द्यावी. आई खरी असेल तर पिल्ले तिच्याकडे धावतात व अंगाशी झोंबतात; तिचे स्तन व्यायल्याच्या खुणा दाखवितात, अंगावरचा केस थोडा झडलेला असतो. "आई गावाकडे आहे", "आईला आत्ताच फिरावयास नेले", "पिल्ले दिल्लीहून आली आहेत", अशी उत्तरे मिळाली तर खरेदीदाराने नमस्कार करून परतावे. त्या घरी पैदास होत नसून केवळ दलाली होते, आणि ती पिल्ले कोठल्या पिंजऱ्यांतून, किती लांबचा प्रवास करून, कोणकोणत्या आजारी पिल्लांच्या संगतीत आली हे कोणालाच ठाऊक नसते. इंग्लंडमध्ये एप्रिल २०२० पासून असा कायदाच आहे, की सहा महिन्यांच्या आतील पिल्लू ज्याने त्याची पैदास केली त्यानेच विकले पाहिजे, आणि ते आईसह दाखविले पाहिजे.

आईचे निरीक्षण कसे करावे? ती परक्या माणसास पाहून थोडी भुंकली तर वावगे नाही. पण ती कोपऱ्यात दडून थरथरत असेल किंवा अंगावर येत असेल, तर पिल्लांतही तो स्वभाव उतरण्याचा संभव असतो. काही रक्तातून, काही तिच्या संगतीतून. तिला खोलीत चालवून पाहावे. चालता चालता एक मागचा पाय क्षणभर उचलून दोन-तीन उड्या मारल्यासारखे करते आणि पुन्हा नीट चालते, असे दिसले तर तिच्या गुडघ्याची वाटी जागेवरून सरकत असावी. हा दोष लहान जातींत फार आढळतो व तो आनुवंशिक असतो. उत्साहाच्या भरात तिला हंसाच्या केंकाटण्यासारखा कोरडा खोकला येत असेल, तर श्वासनलिकेच्या कूर्चा दुबळ्या असल्याची शंका घ्यावी. तिचे दात पाहावे. लहान जबड्यात दातांची दाटी होते आणि दुधाचे दात न पडता पक्क्या दातांच्या शेजारी तसेच राहतात. बाप बहुधा दुसऱ्या मालकाचा असतो, म्हणून तो दिसला नाही तरी चालेल. पण त्याचे छायाचित्र आणि त्याच्या मालकाचा पत्ता असावा. आई व बाप यांचे परस्परांशी नाते काय, हेही नि:संकोच विचारावे. बापलेकीचा किंवा भावाबहिणीचा संकर 'शुद्ध रक्त' म्हणून मिरविला जातो. वास्तविक लपलेले दोष वर येण्याचा तो सर्वांत जवळचा मार्ग आहे.

चेन्नई येथे मुख्यालय असलेल्या केनेल क्लब ऑफ इंडिया या संस्थेचे नोंदणीपत्र अनेक विक्रेते अभिमानाने पुढे करतात. ते पत्र वंशावळ सांगते. आरोग्य सांगणे हे त्याचे काम नव्हे. वंशावळीत पाच पिढ्यांची नावे असली तरी त्यांतील किती कुत्री धापा टाकून मेली, हे त्या कागदावर नसते.

नाक आणि जयपूरचा उन्हाळा

धापेचा हा उल्लेख सहज आलेला नाही. कुत्र्यास माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही. घामाच्या ग्रंथी मुख्यतः पंज्याच्या गाद्यांत असतात. शरीरातील जास्तीची उष्णता तो बाहेर टाकतो ती धापा टाकून. नाकाच्या आतील गुंडाळीदार हाडांवर, जिभेवर आणि घशात ओलसर पृष्ठभाग पसरलेला असतो. त्यावरून वेगाने हवा नेली की पाण्याची वाफ होते, आणि एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता शोषली जाते. खिडकीतील वाळ्याच्या ताट्या आणि पाण्याचा कूलर यांत जे तत्त्व आहे तेच हे. तापलेला कुत्रा मिनिटाला ३०० पर्यंत धापा टाकू शकतो.

पगचे किंवा शिह त्झूचे नाक म्हणजे असा कूलर, की ज्याच्या ताट्या कापून टाकल्या आहेत. माणसास बाळासारखा चपटा चेहरा आवडतो, म्हणून पिढ्यान्पिढ्या जबड्याचे व नाकाचे हाड आखूड होत गेले. पण हाडाच्या आतील मऊ भाग त्या प्रमाणात आखूड झाले नाहीत. मऊ टाळू लांबच राहिली आणि श्वासनलिकेच्या तोंडावर लोंबू लागली, जीभ मोठीच राहिली, नाकपुड्या मात्र फटीसारख्या अरुंद झाल्या. अशा कुत्र्यास श्वास ओढण्यासाठीच कष्ट पडतात. कष्टाने उष्णता वाढते, उष्णता घालविण्यासाठी धाप वाढते, धापेने घशास सूज येते, आणि सुजेने वाट आणखी अरुंद होते. निरोगी कुत्र्याचे तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सियस असते. ते ४१ च्या वर गेले की उष्माघात सुरू झाला असे समजावे.

आता जयपूरचे हवामान ध्यानात घ्यावे. मे महिन्यात दिवसाचे कमाल तापमान सरासरी ४० अंशांच्या घरात असते आणि लू वाहू लागली की ते त्याच्याही पुढे जाते. हवा कुत्र्याच्या अंगाहून अधिक तापलेली असली, म्हणजे त्वचेवाटे उष्णता बाहेर न जाता उलट आत येते, आणि वाफ हाच एकमेव आधार उरतो. हवा कोरडी असल्याने तो आधार तेथे बळकट असतो; परंतु जुलैत पावसाने हवा दमट झाली, की तापमान उतरूनही धाप निष्फळ होऊ लागते. विदर्भातील वाचकांना हा अनुभव नवा नसेल. २००३ नंतर हच या दूरध्वनी कंपनीच्या जाहिरातींतील पग घराघरांत पोहोचला आणि या जातीची मागणी देशभर वाढली. ज्या शहरांत मे महिना असा असतो त्या शहरांतही.

चपट्या नाकाचेच पिल्लू हवे असेल, तर मग निवड अधिक डोळसपणे करावी लागते. २०१५ मध्ये इंग्लंडमधील संशोधकांनी शेकडो कुत्र्यांची मोजमापे घेऊन असे दाखविले, की ज्यांच्या नाकाडाची लांबी कवटीच्या लांबीच्या निम्म्याहून कमी आहे त्यांच्यातच हा श्वासविकार आढळतो, आणि नाकाड जितके आखूड तितका धोका अधिक. नेदरलंड्समध्ये २०१९ पासून एक-तृतीयांशाहून आखूड नाकाडाच्या कुत्र्यांच्या पैदाशीस मनाई आहे. खरेदीदाराजवळ मोजपट्टी नसली तरी डोळे व कान असतात. नाकपुड्या रुंद, उघड्या असाव्यात. श्वास घेताना त्या आत ओढल्या जाऊ नयेत. पिल्लू शांत झोपले असता त्याचा श्वास ऐकू येऊ नये. "पग घोरतोच" असे विक्रेता हसून सांगेल. घोरणे नेहमीचे आहे म्हणून ते निरोगी ठरत नाही. केंब्रिज विद्यापीठात विकसित झालेल्या श्वासपरीक्षेत प्रौढ कुत्र्यास तीन मिनिटे जलद चालवून नंतर नळीने त्याचा श्वास ऐकतात. पैदासकाराच्या घरी सकाळच्या थंड वेळी आईला तीन मिनिटे गल्लीत चालवून आणावे. ती परत आल्यावर खरखरीचा आवाज करीत असेल, पोट आत ओढीत असेल, जीभ निळसर झाली असेल, तर तिची पिल्ले त्या शहरासाठी नव्हेत.

पिल्लू हातात घेतल्यावर

येथवर समाधान झाले, तरच टोपलीकडे वळावे. पिल्ले झोपून उठल्यावर व खाण्याआधी पाहणे इष्ट. जेवून सुस्तावलेल्या निरोगी पिल्लात व आजारी पिल्लात नवख्यास फरक कळत नाही. एक नव्हे, वेतातील सर्व पिल्ले पाहावीत. एकास जुलाब होत असतील, तर जे पिल्लू आज ठणठणीत आहे त्यासही तीच लागण झालेली असू शकते. पार्व्हो विषाणूची लक्षणे दिसण्यास सामान्यतः तीन ते सात दिवस लागतात. १९७८ च्या सुमारास जगभर प्रथम लक्षात आलेला हा विषाणू अतिशय चिवट असून जमिनीवर व भांड्यांवर महिनोन्महिने टिकतो. जेथे नुकतेच पिल्लू दगावले आहे तेथील टोपली, चादर किंवा वाडगा भेट म्हणूनही घरी आणू नये.

हातात घेतल्यावर पिल्लू आकाराच्या मानाने वजनदार लागावे. फासळ्या बोटांना जाणवाव्यात, पण दिसू नयेत. पोट नगाऱ्यासारखे फुगलेले आणि पाठीचा कणा मात्र टोचणारा, असे असेल तर जंत झाले आहेत. गोलजंत गर्भातच आईकडून पिल्लात जातात, म्हणून दोन आठवड्यांच्या वयापासून दर दोन आठवड्यांनी जंतांचे औषध द्यावयाचे असते. ते दिले काय, हे तारखांसह विचारावे. हेच जंत लहान मुलांच्या पोटात अंडी गेल्यास त्यांच्या यकृतास व डोळ्यांस अपाय करू शकतात. हिरड्या गुलाबी व ओलसर असाव्यात. बोटाने दाबल्यावर पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी झाली पाहिजे. डोळ्यांत चिपडे, नाकातून पू, कानांत काळा दुर्गंधी मळ, शेपटीखाली चिकटलेली विष्ठा, काखेत गोचीड, यांपैकी काहीही नसावे. बेंबीजवळ मऊ फुगवटा असल्यास तो अंतर्गळ होय. लहान असेल तर तो फारसा धोक्याचा नसतो, पण पशुवैद्यास दाखवावा.

डोक्याच्या माथ्यावर बोट हळूच फिरवावे. माणसाच्या तान्ह्या मुलाप्रमाणे काही पिल्लांची टाळू भरलेली नसते. चिवावात हे विशेष आढळते. लहानशी उघडी टाळू असूनही अनेक कुत्री निकोप आयुष्य जगतात. पण टाळू मोठी असून कपाळ घुमटासारखे, डोळे बाहेर-खाली वळलेले आणि पिल्लू मंद किंवा एकाच दिशेने गोल फिरणारे असेल, तर मेंदूत पाणी साठल्याचा संशय येतो. पिल्लाच्या मागे टाळी वाजवावी; त्याने वळून पाहिले पाहिजे. जमिनीवर किल्ल्यांचा जुडगा टाकावा. निरोगी पिल्लू दचकते आणि मग तो काय प्रकार आहे हे हुंगावयास पुढे येते. दचकून परत न येणारे पिल्लू टाकाऊ असते असे नव्हे. पण ज्या घरात गोंगाट व लहान मुले आहेत, तेथे त्याचे हाल होतील.

वय, लस आणि कायदा

पिल्लू किती दिवसांचे आहे, यावर फसवणूक सर्वांत अधिक होते. कारण जितके कोवळे, तितके ते गोंडस. जन्मल्यानंतर दहा ते चौदा दिवसांनी डोळे उघडतात, तिसऱ्या आठवड्यापासून दुधाचे दात येऊ लागतात, आणि आठ आठवड्यांपर्यंत पुढचे दात व सुळे दोन्ही जबड्यांत दिसू लागतात. लहान जातींत दात थोडे उशिरा येतात खरे. परंतु हिरड्या जवळजवळ कोऱ्या असलेले पिल्लू 'दोन महिन्यांचे' असू शकत नाही. या वयास महत्त्व आहे ते दोन कारणांनी. स्कॉट व फुलर या अमेरिकी शास्त्रज्ञांनी बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत दीर्घकाळ केलेल्या निरीक्षणांतून (त्यांचा ग्रंथ १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला) असे दिसले, की साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांच्या काळात पिल्लू जगाशी नाते जोडण्यास शिकते. चावा किती जोरात घ्यावा हे त्यास भावंडे शिकवितात. पाचव्या आठवड्यातच त्यास उचलून आणले तर तो धडा अर्धवट राहतो.

दुसरे कारण रोगप्रतिकाराचे. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसात आईच्या चिकातून पिल्लास संरक्षक प्रतिद्रव्ये मिळतात. ती हळूहळू क्षीण होतात. पण जोवर आहेत तोवर लसीलाही निष्फळ करतात. म्हणून असा एक काळ येतो, की जुनी ढाल मोडलेली असते आणि नवी घडलेली नसते. तो नेमका कोणत्या आठवड्यात येईल हे प्रत्येक पिल्लागणिक निराळे, यासाठीच सहा ते आठ आठवड्यांपासून सुरुवात करून दर दोन ते चार आठवड्यांनी सोळा आठवड्यांच्या वयापर्यंत लस पुन:पुन्हा टोचतात. "एक इंजेक्शन झाले आहे, आता काळजी नाही" हे विक्रेत्याचे आश्वासन त्यामुळे अपुरे ठरते. लसीच्या पुस्तिकेत कुपीवरील चिकटपट्टी, तारीख आणि पशुवैद्याची सही व नोंदणी क्रमांक असला पाहिजे. रेबीजची लस साधारण तिसऱ्या महिन्यात देतात. तोपर्यंत पिल्लाचा दात लागला तरी जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन डॉक्टरांस दाखवावी. पिल्लू लहान म्हणून रेबीज होत नाही, हा समज घातक आहे. जयपूरमध्ये 'हेल्प इन सफरिंग' या संस्थेने १९९४ पासून भटक्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण चालविले, आणि त्या कामाची गणना देशातील या प्रकारच्या आरंभीच्या प्रयत्नांत होते. तरी घरच्या पिल्लाची लस त्याने चुकत नाही.

केंद्र सरकारने २०१७ मध्ये कुत्र्यांची पैदास व विक्री यांविषयीचे नियम जारी केले. त्यांनुसार पैदासकाराने राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे. अठरा महिन्यांहून लहान कुत्रीपासून पैदास करता येत नाही, आणि एका कुत्रीची आयुष्यात पाचाहून अधिक वेते घेता येत नाहीत. आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकण्यास मनाई आहे. विक्रीपूर्वी लस आणि ओळखीची सूक्ष्म चकती म्हणजे मायक्रोचिप आवश्यक आहे. तांदळाच्या दाण्याएवढी ही नळी मानेजवळ त्वचेखाली घातली जाते व तीत पंधरा आकडी क्रमांक असतो. या नियमांकडे पुष्कळांचे दुर्लक्ष होते, हे खरे. पण नोंदणीपत्र दाखवा एवढी एकच विनंती केली असता समोरच्याचा चेहरा कसा होतो, यावरूनही बरेच कळते. चांगला पैदासकार रागावत नाही. उलट तोच खरेदीदारास विचारतो, घर कितव्या मजल्यावर आहे, दुपारी पिल्लाजवळ कोण असेल, उन्हाळ्यात वीज गेली तर काय व्यवस्था आहे.

घरी आणताना

पिल्लू आणावे ते पहाटे किंवा सूर्यास्तानंतर, आणि उभ्या मोटारीत त्यास क्षणभरही एकटे ठेवू नये. पैदासकाराकडे जे अन्न चालू होते तेच निदान आठवडाभर द्यावे, दिवसातून चार ते सहा वेळा, व रात्री झोपण्यापूर्वी एकदा. जानेवारीत जयपूरचे किमान तापमान ८ अंशांच्या आसपास उतरते; त्या दिवसांत त्याच्या बिछान्यात टॉवेलात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली ठेवावी. पिल्लू लटपटू लागले तर मध किंवा साखरेचे घट्ट पाणी बोटाने हिरड्यांस चोळावे. बेशुद्ध पिल्लाच्या तोंडात काहीही ओतू नये, कारण ते श्वासनलिकेत जाते. ऊब देत तातडीने पशुवैद्याकडे न्यावे. मुलांनी पिल्लू घ्यावयाचे ते जमिनीवर बसूनच. लहान जातींच्या पुढच्या पायांची हाडे पेन्सिलीहून बारीक असतात, मनगटाजवळ त्यांना रक्तपुरवठा बेताचा असतो, आणि पलंगावरून मारलेल्या उडीने मोडलेले हाड महिनोन्महिने सांधत नाही.

खरेदीच्या पावतीवर असे लिहून घ्यावे, की दोन-तीन दिवसांच्या आत खरेदीदाराच्या पशुवैद्याने तपासणीत गंभीर दोष काढल्यास पिल्लू परत घेतले जाईल. ती तपासणी पिल्लू ठणठणीत दिसत असतानाच करून घ्यावी; हृदयातील जन्मजात छिद्राचा आवाज नळीनेच ऐकू येतो. स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर रोज सकाळी उपाशीपोटी पिल्लाचे वजन करून वहीत मांडून ठेवावे. ही वही मुलांकडे सोपविण्यास हरकत नाही. सलग दोन दिवस आकडा वाढला नाही, किंवा एका दिवसातच तो घटला, तर पिल्लू खेळत असले तरी त्याच दिवशी ते वहीसह दवाखान्यात न्यावे.